तोंडात बसवलेली छातीची त्वचा कालांतराने तोंडाच्या अस्तरासारखी होते का?

प्रश्न असा आहे : वडिलांच्या गालाच्या कर्करोगावर दीड वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झाली आणि गालाचा जो भाग काढला, तिथे छातीवरची त्वचा स्नायूसकट फिरवून आतून बसवली. रेडिएशन द्यावे लागले नाही. आता त्या जागी केस उगवतात, वर पांढरट, ओलसर थर साचतो आणि वास येतो. दुसऱ्या बाजूच्या गालाला दात लागून जखम झाली, तर ती मात्र चार-पाच दिवसांत मागमूस न ठेवता भरते. तोंडात कायम लाळ असताना ही त्वचा हळूहळू तोंडाच्या आतल्या आवरणासारखी होणार नाही का, आणि मुळात या दोन आवरणांत एवढा फरक का असतो?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण घरच्यांना तेच हवे असते. ती त्वचा त्वचाच राहील. काही वर्षांत ती मऊ पडते, रंगाने थोडी गुलाबी होते, तिच्यावरचा थर पातळ होतो आणि वरवर पाहणाऱ्याला ती तोंडाच्या अस्तरासारखी वाटूही शकते. परंतु तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बहुतेक वेळा ती आपली मूळ घडण टिकवून असल्याचे दिसते. लाळेचा ओलावा तिच्या रूपावर परिणाम करतो, तिच्या जातीवर करत नाही. असे का, हे समजून घेण्यासाठी आवरणाच्या वरच्या थरापेक्षा त्याच्या खालच्या थराकडे अधिक लक्ष द्यावे लागते, आणि या उत्तराचा बराचसा भाग मी त्यासाठीच खर्च करणार आहे.

शरीराच्या बाहेरची त्वचा आणि तोंडाच्या आतले श्लेष्मल आवरण या दोन्हींची मांडणी वरकरणी सारखी असते. वर पेशींचे एकावर एक थर रचलेले असतात, त्याला आपण अभिस्तर म्हणू. त्याखाली कोलॅजेनचे तंतू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि हे तंतू विणणाऱ्या तंतुपेशी असतात, त्याला संयोजी थर म्हणू. अभिस्तराच्या तळाशी पेशींचे विभाजन चालते, नव्या पेशी वर ढकलल्या जातात आणि पृष्ठभागावर पोहोचल्या की गळून पडतात. इथवर दोघांत भेद नाही. तळाच्या पेशींमध्ये सापडणारी केराटिन ५ आणि केराटिन १४ ही प्रथिनेदेखील दोन्हीकडे तीच असतात.

भेद सुरू होतो तो पेशी वर चढू लागल्यावर. त्वचेच्या पेशी केराटिन १ आणि १० बनवू लागतात, त्यांच्यात दाणेदार थर तयार होतो, त्या पेशींच्या फटींत मेदाचे थर ओततात आणि शेवटी केंद्रक टाकून देऊन चपट्या, कोरड्या, मृत पापुद्र्यांत बदलतात. पाणी बाहेर जाऊ न देणारे आणि बहुतेक पदार्थ आत येऊ न देणारे हे कवच आहे. गालाच्या आतल्या पेशी मात्र केराटिन ४ आणि १३ बनवतात, त्यांच्यात दाणेदार थर होत नाही, कवच होत नाही, आणि अगदी वरच्या पेशीतही केंद्रक शाबूत असते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने खरवडून घेतलेल्या पेशी डीएनए तपासणीसाठी उपयोगी पडतात, त्या याच कारणाने.

तरीही गालाचे अस्तर नाजूक असते असा समज करून घेऊ नये. शरीराच्या बहुतेक भागांवर त्वचेचा अभिस्तर सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो, तर गालाच्या आत तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे जवळपास पाचपट. दातांखाली सापडणे, तिखट-गरम खाणे, बोलताना ताणले जाणे हे सारे त्याला सोसायचे असते, आणि ते तो कवचाऐवजी जाडी, लवचीकपणा आणि वेगवान भरपाई यांच्या बळावर सोसतो.

तोंडाचे अस्तर सगळीकडे एकसारखेही नसते. हिरड्या आणि कठीण टाळू जिथे अन्न दाबले जाते, तिथे अभिस्तरावर केराटिनचे कवच असते आणि खालचा थर हाडाला घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे हा भाग त्वचेच्या अधिक जवळचा आहे. गाल, ओठांची आतली बाजू, जिभेखालचा भाग आणि मऊ टाळू यांवर कवच नसते. मोठ्या माणसाच्या तोंडातील एकूण पृष्ठभाग सुमारे २१५ चौरस सेंटिमीटर असतो. त्यातला जवळजवळ साठ टक्के भाग या दुसऱ्या, बिनकवची प्रकारचा आहे, पंचवीस टक्क्यांच्या आसपास हिरड्या व टाळूचा आणि उरलेला जिभेच्या चव घेणाऱ्या पृष्ठभागाचा.

कवच नसण्याचा परिणाम काय होतो, तो जिभेखाली सर्वांत स्पष्ट दिसतो. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली धरायला दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी काही मिनिटांत काम करते, कारण तिथले अस्तर पातळ आणि पारगम्य आहे. तीच पारगम्यता तंबाखूलाही वाट करून देते. आपल्याकडे चुना लावून मळलेला तंबाखूचा बार खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या खाचेत धरून ठेवण्याची सवय आहे, आणि ती खाच नेमकी बिनकवची आहे. चुन्यामुळे निकोटिन आणखी सहज शोषले जाते आणि अस्तरही भाजते. जिथे बार ठेवला जातो, तिथेच पांढरा चट्टा आणि पुढे तिथेच गाठ झालेली मी इतक्या वेळा पाहिली आहे, की रुग्णाने तोंड उघडल्यावर तो कोणत्या बाजूला बार धरतो, हे विचारायची बहुधा गरज पडत नाही.

त्वचेला केस, घामाच्या ग्रंथी आणि तेलाच्या ग्रंथी असतात. तोंडात त्यांच्या जागी सहाशे ते हजार लहान लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. बऱ्याच लोकांच्या गालात किंवा ओठांवर बारीक पिवळसर ठिपके दिसतात. त्या तिथे राहून गेलेल्या तैलग्रंथी असून त्यांचा काहीही त्रास नसतो. घाबरून ते ठिपके दाखवायला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे लिहिले. या ग्रंथींचे तोंडात असणे हे दोन आवरणांच्या नात्याचे चिन्हही आहे, कारण दोघांचा उगम एकच आहे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात भावी तोंडाच्या जागी एक खळगा असतो आणि तो घशापासून एका पातळ पडद्याने वेगळा झालेला असतो. याच आठवड्यात तो पडदा फुटतो. खळग्याचे अस्तर म्हणजे चेहऱ्याच्या पृष्ठभागाचाच आत वळलेला भाग. त्यामुळे गाल, हिरड्या आणि टाळू यांचा अभिस्तर मुळात त्वचेचाच भाऊबंद आहे, तर जिभेच्या मागच्या भागाचे आवरण आतड्याच्या बाजूने आलेले असते.

या एकाच पृष्ठभागातून बाहेर केस निघतात आणि आत दात निघतात. ज्या मुलांमध्ये बाह्यस्तराच्या, म्हणजे गर्भाच्या या बाहेरच्या थराच्या, वाढीचा जन्मजात दोष असतो, त्यांच्यात विरळ केस, कमी व टोकदार दात आणि घाम न येणे या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात. अशा मुलाचे पालक दातांची तक्रार घेऊन येतात आणि उन्हाळ्यात त्याला वारंवार ताप का येतो, याचा उलगडा दंतवैद्याच्या खुर्चीत होतो.

आता खालच्या थराकडे वळतो. एकाच पृष्ठभागाने एका ठिकाणी केस आणि दुसऱ्या ठिकाणी दात बनवावेत, हे ठरवते कोण? या प्रश्नावर १९७५ साली कॅरिंग, लँग आणि लो या संशोधकांनी माकडांवर केलेला प्रयोग आजही हिरड्यांच्या शस्त्रक्रियेचा पाया मानला जातो. हिरडीच्या खाली, गालाकडे वळताना जो लालसर, सैल, बिनकवची भाग लागतो, तिथे त्यांनी खिसे केले. काही खिशांत हिरडीखालचा संयोजी थर, अभिस्तर काढून टाकून, रोवला आणि काही खिशांत त्याच सैल भागाचा संयोजी थर रोवला. ते तुकडे रुजल्यावर वरचे आवरण काढून त्यांना उघडे केले. उघड्या पडलेल्या दोन्ही तुकड्यांवर आजूबाजूच्या सैल अस्तरातल्याच पेशी सरकत आल्या. म्हणजे बियाणे दोन्हीकडे एकच होते. तरी हिरडीच्या थरावर पसरलेल्या पेशींनी केराटिनचे कवच बनवले आणि सैल थरावर पसरलेल्या पेशी बिनकवचीच राहिल्या. वरच्या पेशींना काय व्हायचे, हे खालच्या थराने सांगितले होते.

याचा प्रत्यय आम्हाला रोजच्या कामात येतो. हिरडी खाली सरकलेल्या दाताजवळ टाळूच्या आवरणाचा तुकडा लावला, तर तो वर्षानुवर्षे टाळूसारखाच फिकट आणि टणक राहतो. कपाळाच्या त्वचेने बनवलेले नाक कपाळाच्या रंगाचे राहते, आणि फ्लॅपचे, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट फिरवून आणलेल्या तुकड्याचे, टोक केसांच्या रेषेपर्यंत गेले असेल तर त्या नाकावर केसही उगवतात. या शस्त्रक्रियेशी पुण्याचा जुना संबंध आहे. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या एका कुंभार कारागिराने टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कपाळाच्या त्वचेने परत बनवले, आणि १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचे सचित्र वर्णन छापून आले. युरोपात नाकाच्या या शस्त्रक्रियेची चर्चा त्यानंतर नव्याने सुरू झाली.

आपल्या वडिलांच्या बाबतीत छातीची त्वचा तिचा सगळा खालचा थर, चरबी आणि स्नायू बरोबर घेऊन तोंडात आली आहे. तिला हुकूम देणाऱ्या तंतुपेशी छातीच्याच आहेत. केसांची मुळे याच खालच्या थरात खोलवर असतात, म्हणून ती बरोबर आली. काही रुग्णांच्या तोंडात मांडीवरून खरवडून काढलेला त्वचेचा अगदी पातळ पापुद्रा लावतात, तिथे केस येत नाहीत, कारण पापुद्रा काढताना केसांची मुळे मांडीतच राहतात. मांडीची जखमही त्याच मुळांपासून आणि घामाच्या नलिकांपासून नवी त्वचा तयार होऊन साधारण दोन आठवड्यांत भरते. मात्र गालाची पूर्ण जाडी काढावी लागली, तर पापुद्र्याने काम भागत नाही. तिथे स्वतःचा रक्तपुरवठा असलेला जाड फ्लॅपच हवा. छातीचा हा फ्लॅप १९७९ मध्ये एरियन या अमेरिकी शल्यचिकित्सकाने डोके व मानेच्या कर्करोगासाठी रूढ केला आणि आपल्याकडे तो आजही फार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, कारण तो भरवशाचा आहे आणि त्याला सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याची गरज लागत नाही. केस उगवले याचा अर्थ शस्त्रक्रियेत काही चुकले असा नाही. उलट फ्लॅपचा रक्तपुरवठा उत्तम असल्याची ती खूण आहे.

पांढऱ्या थराचे कारणही इथेच आहे. त्वचा आपल्या सवयीप्रमाणे केराटिनचे पापुद्रे बनवत राहते. बाहेर ते कोरडे होऊन कपड्यांना घासून निघून जातात. तोंडात ते लाळ शोषून फुगतात आणि खूप वेळ धुणी-भांडी केल्यावर बोटे पांढरी पडतात तसे पांढरे होऊन जागीच साचतात. जंतू आणि बुरशी त्यावर वाढतात आणि वास येतो.

दोन्ही आवरणांच्या वाढीच्या वेगातही फरक आहे. तळाच्या पेशी पूर्णपणे बदलून नवे आवरण यायला त्वचेत सुमारे ५२ ते ७५ दिवस लागतात, हिरडीत ४१ ते ५७ दिवस आणि गालात सुमारे २५ दिवस. पेशी जितक्या झपाट्याने विभागतात, तितका केमोथेरपीचा फटका त्यांना लवकर बसतो. म्हणून केमो घेतल्यावर साधारण आठवड्याभरात तोंड येते, पण अंगावरची त्वचा तशी सोलवटत नाही.

केवळ या वेगावरून जखम भरण्यातला फरक पूर्ण समजत नाही. तोंडातली जखम लवकर भरते आणि व्रणही जवळजवळ सोडत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कारणेही काही प्रमाणात वेगळी आहेत. लोक सहसा श्रेय लाळेला देतात, आणि लाळेचा वाटा आहेच. ओल्या जखमेवर पेशी कोरड्या खपलीखालच्यापेक्षा सुमारे दुप्पट वेगाने पसरतात, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवले होते. लाळेतील हिस्टॅटिन नावाची प्रथिने पेशींना जखमेवर सरकायला उद्युक्त करतात, हे २००८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवले. पण सगळे श्रेय लाळेचे असते, तर आपल्या वडिलांच्या फ्लॅपलाही तिचा तितकाच लाभ मिळायला हवा होता.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील संशोधकांनी २०१८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या गालात आणि काखेजवळच्या त्वचेत सारख्याच लहान जखमा केल्या आणि त्या भरताना त्यांचे नमुने तपासले. गालाची जखम अपेक्षेप्रमाणे आधी भरली. महत्त्वाची गोष्ट अशी, की जखम होण्यापूर्वीच, शांत असलेल्या गालाच्या पेशींमध्ये सॉक्स-२ आणि पिट्एक्स-१ ही जनुके चालवणारी प्रथिने सक्रिय होती, जी त्वचेत जवळजवळ नव्हती. म्हणजे गालाचे अस्तर दुरुस्तीच्या तयारीत कायमच उभे असते. त्वचेला मात्र जखम झाल्यावर ती यंत्रणा पहिल्यापासून जुळवावी लागते. यातले सॉक्स-२ उंदरांच्या त्वचेत मुद्दाम वाढवले, तेव्हा त्यांच्या त्वचेच्या जखमाही लवकर भरल्या.

व्रण न उरण्याचे कारण पुन्हा खालच्या थरात आहे. तोंडातल्या जखमेत दाह कमी होतो. बचावासाठी येणाऱ्या पेशी कमी येतात आणि लवकर परततात, नव्या रक्तवाहिन्याही गरजेपुरत्याच फुटतात, आणि तंतुपेशींना कोलॅजेनचा ढीग रचायला लावणारा टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक कमी प्रमाणात असतो. शिवाय तंतुपेशींचे कूळच वेगळे आहे. तोंडातल्या तंतुपेशी गर्भाच्या मेंदूजवळील चेताशिखा या पेशीसमूहातून आलेल्या असतात, तर छाती-पाठीच्या त्वचेतल्या तंतुपेशी मध्यस्तरातून, म्हणजे गर्भाच्या मधल्या थरातून. स्टॅनफर्डच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांच्या पाठीवरच्या, व्रण बनवणाऱ्या तंतुपेशी आणि तोंडातल्या तंतुपेशी यांची अदलाबदल करून पाहिली. पाठीच्या पेशी तोंडात नेल्या तरी त्यांनी व्रणाचे ऊतकच बनवले आणि तोंडाच्या पेशींनी पाठीवरही ते बनवले नाही. आपल्या प्रश्नाला प्रयोगशाळेतून मिळालेले याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

वर फुगत जाणारा व्रण, म्हणजे किलॉइड, छातीवर आणि कानाच्या पाळीवर सर्रास होतो, तोंडात जवळपास कधीच होत नाही. याउलट फिटसाठी दिले जाणारे फेनिटॉइन किंवा रक्तदाबाची अम्लोडिपिन, निफेडिपिनसारखी औषधे घेणाऱ्या काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, पण त्यांच्या त्वचेची अशी वाढ होत नाही. पेम्फिगस या फोडांच्या आजारातही हाच भेद दिसतो. पेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या प्रथिनांपैकी तोंडाचे अस्तर मुख्यतः डेस्मोग्लीन-३ वर अवलंबून असते. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की आधी तोंडात फोड येतात, बरेचदा त्वचेवर काही दिसण्याच्या कितीतरी महिने आधी. डेस्मोग्लीन-१ विरुद्ध तयार झाली, तर अंगभर फोड येऊनही तोंड स्वच्छ राहते. तोंडातल्या न भरणाऱ्या फोडांवर महिनोन्महिने जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेत बसलेल्या रुग्णांसाठी ही माहिती फार मोलाची आहे.

तोंडात व्रण होतच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. कठीण टाळूवर होतो. दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर तिथे राहणारा व्रण वरच्या जबड्याची वाढ खुंटवू शकतो आणि अशा मुलांचा पाठपुरावा वयात येईपर्यंत करावा लागतो, तो याचसाठी.

याहून गंभीर अपवाद आपल्याच भागात घरोघरी दिसतो. सुपारीतील अरेकोलिनसारखे घटक गालातल्या तंतुपेशींना सतत कोलॅजेन बनवायला लावतात आणि बनलेले कोलॅजेन विरघळू देत नाहीत. व्रणाला नकार देणारे हे अस्तर मग पांढरे, कडक, चामड्यासारखे होते, तिखट लागताच आग होते, आणि तोंड तीन बोटांऐवजी दोन, मग एक बोट उघडते. पूर्व आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये या आजाराचे वर्णन १९५२ मध्ये झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला आज रूढ असलेले सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी विशीतली मुले बोटभरही न उघडणारे तोंड घेऊन येत राहतात. घरात कोणी ‘नुसती सुपारी’ खात असेल, तर तिला निरुपद्रवी मानू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

विरुद्ध दिशेचा प्रवासही होतो, आणि तो आपल्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. अरुंद झालेली मूत्रनलिका रुंद करण्यासाठी पूर्वी त्वचा वापरली जाई. तिच्यात केस उगवत, त्यांच्याभोवती खडे धरत आणि लघवीने त्वचा सुजे. आता त्यासाठी गालाच्या आतले अस्तर वापरतात. ते जाड असते, ओलाव्याला सरावलेले असते, त्याला केस नसतात आणि त्याच्या खालचा थर पातळ व रक्तवाहिन्यांनी भरलेला असल्याने ते चटकन रुजते. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली मूत्रनलिकेची एका बाजूने दुरुस्ती करण्याची पद्धत जगभर वापरली जाते आणि तिच्यात गालाचेच अस्तर लागते. खराब झालेल्या डोळ्यांच्या बुबुळावरही रुग्णाच्याच गालातल्या पेशींची वाढवलेली चकती बसवण्याचे काम ओसाकाच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये करून दाखवले. मूत्रनलिकेत गेलेले अस्तर तिथेही गालाचेच राहते, आणि म्हणूनच ते उपयोगी पडते. सुपारी-तंबाखूने कडक झालेल्या गालातून मात्र असे अस्तर मिळत नाही.

आता वडिलांची काळजी. केसांसाठी चिमटा वापरू नये. मुळाशी पू होतो आणि केस परत येतो. तात्पुरते म्हणून बोथट टोकाच्या कात्रीने, चांगल्या उजेडात, शक्यतो दवाखान्यात केस कापून घ्यावेत. कायमचा उपाय लेझर आहे आणि तो काही बैठकांत करता येतो. परंतु लेझर केसांतल्या काळ्या रंगद्रव्यावर काम करतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर त्याचा परिणाम होत नाही. तिथे विजेच्या सुईने एकेक मूळ जाळावे लागते. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन दिले जाते, त्यांचे फ्लॅपवरचे केस बहुधा त्यातच जातात. वडिलांना ते लागले नाही, म्हणून केस टिकून आहेत. केवळ केसांसाठी रेडिएशन देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पांढऱ्या थरासाठी प्रत्येक जेवणानंतर कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि मऊ ब्रश किंवा ओल्या गॉजने फ्लॅप हलकेच पुसून घ्यावा. अल्कोहोल असलेली माउथवॉश टाळावीत. थर पुसल्यावर खालचा भाग लालभडक दिसत असेल आणि आग होत असेल, तर बुरशी असण्याची शक्यता आहे आणि त्यावर औषध मिळते. फ्लॅपला नव्या जागी संवेदना नसते, त्यामुळे चहा किती गरम आहे, हे त्या बाजूला कळत नाही आणि घासही तिथेच अडकून राहतो. चहा आधी दुसऱ्या बाजूने, घोट-घोट घ्यायची सवय लावावी. टोकदार दात असतील, तर घासून गुळगुळीत करून घ्यावेत, कारण फ्लॅप चावला गेल्याचेही कळत नाही.

फ्लॅपचा फुगवटा हळूहळू कमी होईल, कारण त्यातल्या स्नायूचा मज्जातंतू तोडलेला असतो आणि त्यामुळे स्नायू आक्रसतो. त्यातली चरबी मात्र छातीच्या चरबीसारखीच वागते. वडिलांचे वजन वाढले, तर गाल आतून पुन्हा भरल्यासारखा वाटेल. ती गाठ असेलच असे नाही, पण तपासून घ्यावी. पुढे कधी त्या बाजूला इम्प्लांटचे दात बसवायचे ठरले, तर इम्प्लांटभोवतीची त्वचा सुजून मांस वाढते. म्हणून आधी तो भाग पातळ करून तिथे टाळूचे अस्तर लावावे लागते. याविषयी दंतवैद्याशी सुरुवातीलाच बोलून ठेवावे.

तपासणीच्या वेळी सर्वांत जास्त लक्ष फ्लॅप आणि मूळ अस्तर यांच्या सांध्याकडे द्यावे. रोग परत उद्भवला, तर बहुतेक वेळा तो या कडेला दिसतो, आणि क्वचित पुढे फ्लॅपच्या त्वचेतही नवा कर्करोग होऊ शकतो. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, बोट लावल्यावर लागणारा टणकपणा, रक्त येणे किंवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जावे. तोंड किती उघडते, हे घरीच महिन्यातून एकदा समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये पट्टी धरून मिलिमीटरमध्ये मोजावे आणि आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होतो.